पहिला श्वास सोडेपर्यंत

रेशन दुकानासमोर कुणीतरी आपला श्वास रस्त्यात टाकून निघून गेलं होतं आणि ते कबूल करायला देवटेकमध्ये एकही माणूस तयार नव्हता.

श्वास मोठा होता. सोललेल्या नारळाएवढा, पांढुरका, ओलसर, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर जागच्या जागी थांबलेला. नगरपरिषदेची श्वास निरीक्षक केतकी नलावडे सकाळी साडेसहाला तिथे पोचली तेव्हा रांगेतल्या लोकांनी त्याच्यापासून चांगलं दहा हात अंतर ठेवलं होतं आणि रांग वाकडी करून दुकानाच्या मागच्या खिडकीला नेली होती.

"कुणाचा आहे?" केतकीने विचारलं.

"आमचा न्हाई," रांगेतली एक बाई म्हणाली. "आमचे लिंबाएवढे असत्यात."

"गावातल्या माणसाचा न्हाईच हा," तिच्या मागचा म्हातारा म्हणाला. "गावातलं माणूस एवढा दम लावून कशाला चालंल?"

त्या वर्षी साथ आली तेव्हापासून सोडलेला श्वास विरून जायचा बंद झाला होता. जिथे सोडला तिथेच तो चौदा दिवस राही आणि पंधराव्या दिवशी आपोआप नाहीसा होई. त्याच्यातून जो जाईल, त्याला सोडणाऱ्याच्या छातीत जे असेल ते मिळे. कुणाच्या छातीत काय आहे हे नुसतं बघून कळत नसे. सगळे श्वास सारखेच पांढुरके.

लोकांनी याची सवय करून घेतली होती. घराबाहेर पडताना प्रत्येक जण तोंडाला कापडी पिशवी बांधी. नगरपरिषदेच्या कागदांत तिला मुखपिशवी म्हणत, गावात तिचं नाव तोबरा, घोड्याच्या तोंडाला चंदीचा बांधतात तसा. दिवसभराचे श्वास तोबऱ्यात साठवायचे, घरातले चादरीत गोळा करायचे, आणि संध्याकाळी गावाबाहेरच्या माळावर नेऊन रिकामे करायचे. माळ लांबून कापूस फुटलेल्या शेतासारखा दिसे. तिकडे गुरंही जात नसत.

हे सगळं नीट चाललं तर कुणाला काही होत नव्हतं. चाललं नाही तर काय होतं तेही गावाने पाहिलं होतं. दसऱ्याला सात बँडवाल्यांनी चौकात तोबरे काढून तासभर वाजवलं. त्यांतल्या एकाच्या छातीत साथ होती. त्या चौकातल्या तीन घरांतली चार माणसं दिवाळी पाहू शकली नाहीत. बँडवाले वाईट नव्हते. त्यांनी फक्त वाजवलं होतं. त्यानंतर नगरपरिषदेने निरीक्षकाचं पद भरलं आणि त्यावर केतकी आली. वय चोवीस, विज्ञान शाखेची पदवी, आणि कुठलीही गोष्ट दोनदा समजावून सांगायचा मनस्वी कंटाळा.

केतकीने सूचनापत्राची चिठ्ठी लावलेली काठी श्वासाशेजारी रोवली आणि वाकून पाहिलं. श्वास गोल नव्हता, एका बाजूला झुकलेला होता, आणि मागे त्याला बारीक शेपूट होतं. म्हणजे सोडणारा पळत होता. ती शेपटाच्या दिशेला आठ पावलं चालली. तिथे तसाच दुसरा श्वास होता. आणखी आठ पावलांवर तिसरा. देवळाच्या मागून, पिठाच्या गिरणीवरून, शाळेच्या कुंपणाला लागून ती मोजत मोजत गेली. दोनशे अकरावा श्वास तिच्या स्वतःच्या घराच्या फाटकात होता. तो सगळ्यांत लहान होता, कारण तिथून पळायला नुकतीच सुरुवात झाली होती.

तिचे वडील, हिंदुराव नलावडे, सगळ्या गावाचे आप्पा, तोबरा बांधून चालत परत आले होते आणि पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होते.

"आप्पा, दोनशे अकरा," केतकी म्हणाली.

"मोजलेस व्हय?" आप्पांनी मान वर केली. "कमी झाले म्हणायचे. मागल्या आठवड्यात अडीचशेच्या वर जात होते. दम वाढलाय."

"मागच्या आठवड्यात कुठे सोडलेत?"

"स्मशानाच्या रस्त्याला. तिकडं कुणाची तक्रार नसती."

"पळताना तोबरा का बांधत नाही?"

"तू बांधून पळून बघ एकदा. शंभर पावलांत फुगून डोळ्यावर येतोय. गाडीच्या काचेवर पोतं टाकून घाट चढायचा का?"

आप्पांनी चौतीस वर्षं एस.टी. चालवली होती. निवृत्त झाले तेव्हा कंबर धरलेली, पोट पुढे, आणि चार पायऱ्या चढल्या की धाप. मग एके दिवशी ते पळायला लागले आणि थांबलेच नाहीत. गेली सहा वर्षं देवटेकच्या घाट धावेत, एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत, ते भाग घेत. त्यांना कधी बक्षीस मिळालं नव्हतं. पण ते मधे एकदाही थांबले नव्हते, आणि हे ते रोज कुणाला ना कुणाला सांगत.

"चादर घ्या," केतकी म्हणाली. "नियमाप्रमाणे ज्याचे त्याने उचलायचे."

"बापाला नोटीस काढणारी तू पहिलीच," आई आतून म्हणाली. "चादर जुनी ने म्हणावं. माझी सोलापुरी नको."

आप्पांनी दोनशे अकरा श्वास एकेक करून चादरीत भरले. ते त्यांचेच असल्यामुळे त्यांना त्यांचा धोका नव्हता. रेशन दुकानाशी रांगेतली बाई म्हणाली, "नलावडे ड्रायव्हर व्हय. तरीच म्हणलं, कुणाचा तरी बघितल्यासारखा वाटतोय." आप्पांनी मान झुकवून नमस्कार केला.

घाट धाव तीन आठवड्यांवर आली होती. जानेवारीतला तिसरा रविवार. देवटेकला दुसरं काही नाही, ना कारखाना, ना मोठं देऊळ. त्यामुळे ही शर्यत म्हणजे गावाचं नाव. यंदा चार हजार दोनशे जणांनी नावं दिली होती, निम्मे बाहेरगावचे. गेल्या दहा महिन्यांत लोक घरांत कोंडले गेले होते आणि त्यांना कुठेतरी पळायचं होतं. केतकीला ते समजत होतं. तिलाही कुठेतरी पळायचं होतं. पण समजणं वेगळं आणि परवानगी वेगळी.

नगरपरिषदेच्या सभागृहात बैठक बसली. घाट धाव समितीचे अध्यक्ष डॉक्टर शशांक भोईटे. दातांचे का होईना, पण डॉक्टर, त्यामुळे साथीबद्दल त्यांचं मत गावात शेवटचं मानलं जाई. ते बोलायला लागले की त्यांचा तोबरा हळूहळू फुगे, आणि भाषण लांबलं की पिशवी छातीवर टेके. मग ते थांबून ती बदलत आणि पुढचं वाक्य पुढच्या पिशवीत बोलत.

"आम्ही संपूर्ण काळजी घेतली आहे," डॉक्टर म्हणाले. "सुटण्याच्या जागी पांढऱ्या फक्कीने चार हजार दोनशे गोल आखले आहेत. प्रत्येक गोलात एक स्पर्धक. दोन गोलांत सहा फूट."

"गोलातून निघाल्यावर?" केतकीने विचारलं.

"निघाल्यावर ते धावतील."

"कुठे?"

"रस्त्यावर. धावण्याची स्पर्धा आहे, मॅडम."

"रस्त्यावर गोल आहेत?"

"रस्त्यावर कशाला? तिथे ते थांबणार नाहीत."

"ते थांबणार नाहीत," केतकी म्हणाली. "त्यांचे श्वास थांबणार आहेत."

तिने उठून फळ्यावर लिहिलं. पळणारा माणूस मिनिटाला चाळीस श्वास सोडतो. एकवीस किलोमीटरला सरासरी सव्वादोन तास. एका माणसाचे पाच हजार चारशे. चार हजार दोनशे माणसांचे दोन कोटी सव्वीस लाख ऐंशी हजार. रस्त्याच्या प्रत्येक मीटरमध्ये एक हजार ऐंशी, प्रत्येक नारळाएवढा, सगळे तोंडाच्या उंचीवर.

पुढच्या रांगेतल्या दोघांनी मोबाइलवर गुणाकार करून पाहिला, तो बरोबर निघाला. मग समितीचे चिटणीस म्हणाले, "पण हे एकदम नाही होणार. आम्ही बेचाळीस तुकड्या केल्या आहेत. एकेक तुकडी शंभर जणांची. पाच पाच मिनिटांनी सोडणार."

"मग बेचाळिसावी तुकडी एक्केचाळीस तुकड्यांच्या श्वासांतून जाईल. त्या तुकडीत कोण आहे?"

चिटणिसांनी यादी पाहिली. "ज्येष्ठ नागरिक."

"शेवटी का?"

सगळ्यांना कारण माहीत होतं, केतकीलाही. देवटेकमध्ये शर्यतीत वडीलधाऱ्यांना ओलांडून पुढे जात नाहीत. पहिल्या वर्षी एका कॉलेजच्या पोराने सत्तरीच्या गृहस्थांना घाटात मागे टाकलं तेव्हा ते गृहस्थ वळणावरच्या कठड्यावर जाऊन बसले आणि त्यांनी जेवण सोडलं. पोराचे वडील त्यांना हात जोडायला गेले तेव्हा कुठे ते उठले. त्या वर्षापासून ज्येष्ठांना सगळ्यांच्या मागून सोडायचं ठरलं, म्हणजे ओलांडायचा प्रश्नच नको.

"त्यांचा मान राखावा म्हणून," डॉक्टर म्हणाले.

"मान राखायला आपण साठीच्या पुढच्या शंभर माणसांना सव्वादोन कोटी श्वासांतून पळवणार."

"आपण पळवत नाही. त्यांनी स्वखुशीने नावं दिली आहेत. हमीपत्रावर सह्या आहेत."

"बँडवाल्यांच्या चौकातल्या चार जणांनी कुठल्या पत्रावर सही केली होती?"

"मुद्दा इतिवृत्तात घ्या," डॉक्टर चिटणिसांना म्हणाले. तो घेण्यात आला.

बैठकीला नगरपरिषदेच्या मुख्याधिकारी कुरणे मॅडम होत्या. त्या सहसा बोलत नसत आणि त्यामुळे त्यांचा तोबरा कायम इस्त्री केलेला दिसे. त्यांनी केतकीला जवळ बोलावलं.

"तुमच्याकडून मार्ग मोकळा असल्याचा दाखला हवा आहे. रस्ता आज मोकळा आहे का?"

"आज आहे. पण शर्यत सुरू झाली की..."

"दाखला रस्त्याचा आहे, शर्यतीचा नाही. मोकळ्या रस्त्याला मोकळा नाही असं लिहिलंत तर तो खोटा दाखला होईल. तसं करता येणार नाही."

कुरणे मॅडमचं चुकत नव्हतं. केतकीने छापील दाखला पुढे ओढला. त्यावर चार ओळी होत्या. मार्गाचं नाव. पाहणीची तारीख. मार्ग मोकळा आहे किंवा नाही. आणि चौथी: सदर दाखल्याची मुदत, पुढे टिंबं टिंबं, आणि मग 'पर्यंत'. या रकान्यात आजवर सगळ्यांनी तारीख लिहिली होती. तारीखच लिहावी असं मात्र कुठे म्हटलेलं नव्हतं.

केतकीने लिहिलं: पहिला स्पर्धक मार्गावर श्वास सोडेपर्यंत.

तिने सही केली, शिक्का मारला आणि घरी जाऊन पोटभर जेवली. तिच्या मते शर्यत रद्द झाली होती आणि तीही एकही खोटा शब्द न लिहिता.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर भोईटे पेढ्यांचा पुडा घेऊन तिच्या टेबलाशी आले.

"आम्ही मुदतीचा अभ्यास केला," ते म्हणाले. "अट मान्य आहे."

"कुठली अट?"

"पहिला स्पर्धक श्वास सोडेपर्यंत शर्यत घेता येते. म्हणजे कुणी श्वास न सोडता जेवढी होईल तेवढी घ्यायची. परवानगी स्पष्ट आहे."

"एका श्वासात एकवीस किलोमीटर?"

"ते स्पर्धकाच्या तयारीवर आहे. अंतर आम्ही बदललेलं नाही."

केतकीने आपला दाखला पुन्हा काढून वाचला. त्यात चूक शोधायचा तिने प्रामाणिक प्रयत्न केला. सापडली नाही. कुरणे मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मुदत लिहिलीत म्हणजे मुदतीपर्यंत परवानगी दिलीत. नाहीतर मुदत कशाची?"

मग केतकीने दोन दिवस बसून नियम तयार केले. नाइलाज म्हणून नाही. नियम नीट पाळले गेले तर या शर्यतीने कुणाच्या छातीत काही जाणार नव्हतं, आणि तेवढंच तिला हवं होतं. स्पर्धकाने गोलात उभं राहून श्वास भरून घ्यायचा. तोबरा गळ्यात मोकळा लटकता ठेवायचा. पळायचं. दम संपत आला की रस्ता सोडून कडेला यायचं, तोबरा बांधायचा आणि मग त्यात श्वास सोडायचा. तोबऱ्यात सोडलेला श्वास मार्गावर सोडला असं म्हणता येत नाही. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांनी हे केलं तर बेचाळिसाव्या तुकडीचा रस्ता पहिल्या तुकडीइतकाच स्वच्छ. एकानेही केलं नाही तर दाखला तिथेच संपला आणि पुढच्यांनी थांबायचं.

समितीने नियम एकमताने मंजूर केले. फक्त आप्पांनी केले नाहीत.

"ही शर्यत न्हवं," रात्री ताटावर बसल्यावर आप्पा म्हणाले. "ही तर पुढच्या स्टॉपला उतरायची गोष्ट झाली. मी थांबणार न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजी पळत ऱ्हाणार. दम संपला की सोडीन, दुसरा घीन, पळीन. सहा वर्षांत मी कधी मधे थांबलो न्हाई."

"आप्पा, नियम आहे."

"नियम कशासाठी हाय? मागच्याला बाधू नये म्हणून. माझी तुकडी शेवटची, माझा नंबर शेवटी. माझ्या मागं कोण हाय? माझा श्वास बाधला तर त्या घाटातल्या माकडांना बाधंल."

"उद्या सगळेच असं म्हणतील."

"सगळ्यांच्या मागं कुणीतरी हाय. माझ्या मागं न्हाई."

केतकीने आमटीची वाटी बाजूला सारली. ती फळ्यावर दोन कोटींचा हिशेब मांडू शकत होती, पण घरात समोर भाकरी मोडत बसलेल्या एका माणसाचा हिशेब तिला मांडता येईना. आप्पा एकदा पुढे गेले की त्यांचे श्वास चौदा दिवस घाटात थांबणार. खालच्या दोन गावांच्या बाया पहाटे त्याच वळणांवरून भाजी घेऊन येतात. आणि आप्पांच्या छातीत काय आहे ते आप्पांनाही माहीत नाही. हे तिने सांगितलं. आप्पा म्हणाले, "मला काय झालंय? घोड्यासारखा हाय मी." दसऱ्याचे बँडवालेही तसेच दिसत होते.

शर्यतीच्या दिवशी सकाळी सात वाजता मैदानात चार हजार दोनशे माणसं तोबरे बांधून आपापल्या गोलांत उभी होती आणि सगळीकडे शांतता होती. मार्गावर बोलायचं नव्हतं. शिट्टी हाही श्वासच, त्यामुळे तुकडी सोडायला पितळी थाळीवर एक टोला द्यायचं ठरलं होतं. प्रमुख पाहुण्यांनी सव्वा पानाचं भाषण आणलं होतं. ते मोठ्या अक्षरांत फलकावर लिहून सगळ्यांसमोर धरण्यात आलं. लोकांनी ते वाचलं आणि टाळ्या वाजवल्या.

थाळी वाजली. पहिली तुकडी सुटली. गाल फुगवलेली शंभर माणसं फक्त पायांचा आवाज करत गेली आणि पन्नास ते दीडशे मीटरच्या दरम्यान एकेक करून कडेला उतरली. तोबरे बांधले गेले, फुगले. जो जिथे थांबला तिथे फक्की टाकणाऱ्या दोन कामगारांनी ठिपका मारून नंबर लिहिला. पुण्याहून आलेला एक सडपातळ पोरगा एकशे एकतीस मीटर गेला. अंगणवाडीच्या एक ताई अठ्ठ्याण्णव. डॉक्टर भोईटे विसाव्या तुकडीत होते, ते अडतीस मीटरवर थांबले. त्यांना इतका वेळ न बोलण्याची सवय नव्हती.

केतकी शंभर मीटरच्या खुणेशी कडेला उभी होती. प्रत्येक तुकडीनंतर ती रस्त्याकडे पाही. एकही श्वास नाही. एक्केचाळीस तुकड्या, चार हजार शंभर माणसं, आणि समोरचा रस्ता धुऊन पुसल्यासारखा. कुणाला दंड केला नाही, कुणाला रडवलं नाही, फक्त एकदा नीट सांगितलं, आणि लोकांनी ऐकलं. लोक ऐकत नाहीत असं जे म्हणतात त्यांनी कधी नीट सांगून पाहिलं आहे का, असं तिला वाटलं.

शेवटच्या तुकडीच्या यादीवरून तिने नजर फिरवली. चार हजार एकशे नव्व्याण्णव, हिंदुराव नलावडे. त्याखाली आणखी एक नाव होतं. चार हजार दोनशे, दिनकर साळोखे.

दिनकरकाका बावीस वर्षं आप्पांच्या गाडीवर कंडक्टर होते. ते जन्मात कधी पळाले नव्हते. आप्पांनी नाव दिलं म्हणून त्यांनी अखेरच्या दिवशी दिलं होतं आणि आप्पांना सांगायचं राहून गेलं होतं. त्यांचा गोल आप्पांच्या बरोबर मागे होता. मागे वळून बघायची आप्पांना गरज वाटलेली नव्हती.

केतकीला हाक मारायची होती. पण हाकेने तोबरा सुटतो, आणि ती उभी होती ती जागा मार्गाच्या कडेची होती. नियम तिनेच लिहिला होता. थाळी वाजली.

ज्येष्ठांची तुकडी संथ निघाली. बरेच जण चाळीस-पन्नास मीटरवर उतरले, एकमेकांना हात देत. आप्पा पुढे आले. साठ. सत्तर. त्यांचे गाल फुगलेले, चेहरा जांभळट, पण पाय एका लयीत. ऐंशी. हात तोबऱ्याकडे गेला नाही. ते समोर घाटाच्या पहिल्या वळणाकडे पाहत होते, आणि त्या बघण्याचा अर्थ केतकीला माहीत होता. ते थांबणार नव्हते.

मग त्यांनी सवयीने उजवीकडे वर पाहिलं. तिथे चौतीस वर्षं आरसा असायचा. आता नव्हता, म्हणून त्यांनी मान वळवली.

मागे आठ पावलांवर दिनकर साळोखे येत होते. डोळे वटारलेले, टोपी हातात, गाल दोन्ही बाजूंना फुटायला आलेले, पाय कुठेही पडतायत. आठ पावलं. आप्पांनी आता सोडला असता तर तो श्वास पुढच्या क्षणाला दिनकरच्या तोंडावर होता. बावीस वर्षं दिनकर मागेच असायचा. म्हणूनच मागे कोण आहे हे मोजताना आप्पांनी त्याला धरलंच नव्हतं.

आप्पांनी हात बाहेर काढून गाडी थांबवण्याची खूण केली आणि रस्त्याच्या कडेला उतरले. दिनकरही मागोमाग उतरले. दोघांनी एकमेकांचे तोबरे बांधले, आणि मग दोन्ही पिशव्या एकदमच भरल्या. थोड्या वेळाने दिनकरनी आप्पांच्या पाठीवर एकच थाप मारली. एस.टी.त एक घंटा म्हणजे थांबा.

"सांगायचं न्हाई व्हय रे नाव दिलंयस म्हणून?" आप्पा दम खात म्हणाले.

"तिकीट काढून बसलो की गपचूप," दिनकर म्हणाले. "ड्रायव्हरला कवा सांगतोय का आपण, मागं कोण बसलंय ते?"

फक्कीवाला आला. त्याने आप्पांच्या पायाशी ठिपका मारला. एक्क्याण्णव मीटर.

"नीट मार," आप्पा त्याला म्हणाले. "ठळक. उद्या हितनंच सुटायचंय."

फक्कीवाल्याने केतकीकडे पाहिलं. केतकीने दाखला काढला. पहिला स्पर्धक मार्गावर श्वास सोडेपर्यंत. कुणीही सोडला नव्हता. म्हणजे मुदत संपली नव्हती. म्हणजे शर्यत अजून चालू होती. तिने तो कागद डॉक्टर भोईट्यांना दाखवला, डॉक्टरांनी कुरणे मॅडमना. कुरणे मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे. चालू आहे." आणि त्या चहाला गेल्या.

तेव्हापासून शर्यत चालू आहे. पळताना साठवलेला एक श्वास अर्धा तोबरा भरतो, उरलेला अर्धा दिवसभराच्या श्वासांना लागतो, आणि माळावर तो दिवसातून एकदाच रिकामा होतो, त्यामुळे एका दिवशी एकच श्वास पळायचा असं ठरलं. रोज सकाळी लोक आपापल्या ठिपक्यावर जातात, श्वास भरून घेतात, जेवढं होईल तेवढं पळतात, कडेला उतरतात, नवा ठिपका मारून घेतात आणि कामाला जातात. बाहेरगावचे लोक सुटी पाहून येतात. त्यांची जागा तशीच राखून ठेवलेली असते. ज्येष्ठांना ओलांडायचं नाही हा नियम कायम आहे. त्यामुळे वाटेत कुणी ज्येष्ठ दिसले तर मागचा माणूस त्या दिवशी सुटी घेतो.

शर्यतीनंतर चौदा दिवस केतकी रोज गावातल्या आजाऱ्यांची यादी पाहत होती. शर्यतीमुळे पडलेला एकही नव्हता. शेजारच्या तालुक्यात त्याच महिन्यात गोल आखून नेहमीसारखी शर्यत झाली. तिथला रस्ता अजून बंद आहे आणि तिथल्या यादीकडे बघवत नाही. केतकीने त्यांना आपल्या दाखल्याची प्रत पाठवली, सोबत एक पत्रही. पत्रात तिने कुणाला दोष दिला नाही. फक्त विचारलं की पुढच्या वेळी तरी मुदतीचा रकाना वाचून भरणार का.

फेब्रुवारी संपत आला तेव्हा ती घाटातले पुढचे ठिपके कुठे येतील ते पाहायला मोटरसायकलवरून वर गेली. आप्पा आणि दिनकर सव्वातीन किलोमीटरपर्यंत पोचले होते, आठ पावलांच्या अंतराने. नवव्या किलोमीटरच्या वळणावर एक बाई तोबरा बांधून पेरूची पाटी घेऊन बसली होती. केतकीने दोन पेरू घेतले आणि सांगितलं की इथून एक दिवस शर्यत जाणार आहे, तेव्हा पाटी कडेला घ्यावी लागेल.

"म्हाईत हाय मला," बाई म्हणाली. "नलावडे ड्रायव्हर येणार हाईत न्हवं? माझ्या लग्नाचं वऱ्हाड त्यांच्याच गाडीनं आलंवतं. कुठवर आलेत?"

"सव्वातीन."

बाईने बोटांची पेरं मोजली.

"मग हितं यायला अजून दोन म्हयने हाईत," ती म्हणाली. "तवर पेरू संपत्यात. करवंदं ठिवते म्हणावं, घाई करू नका."